जंतूंवांचून दाह : एका निदानाचा इतिहास

सन १८८५ मध्यें स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं कार्ल गारे नांवाच्या एका तरुण शस्त्रवैद्यानें अघोरी म्हणतां येईल असा एक प्रयोग केला. हाडांतील मज्जेचा तीव्र दाह झालेल्या एका रोग्याच्या पुवांतून जे जंतु प्रयोगशाळेंत वाढविले होते, ते त्यानें आपल्या स्वतःच्या हातावर, कोपराच्या खालच्या बाजूस, चोळून घेतले. कांहीं तासांतच तेथें आग होऊं लागली आणि थोड्याच दिवसांत एक मोठी काळपुळी व तिच्या भोंवतीं लहान गळवांचें कडें उठलें. गारेला जें सिद्ध करावयाचें होतें तें सिद्ध झालें. हाड नासविणारा जंतु आणि कातडीवर गळूं आणणारा जंतु हे दोन नसून एकच आहेत, हें त्यानें कागदावर नव्हे, तर आपल्या अंगावर लिहून दाखविलें.

आठ वर्षांनीं, १८९३ सालीं, ट्यूबिंगेन येथें असतांना याच गारेनें हाडांच्या दाहाच्या निरनिराळ्या प्रकारांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें असेहि कांहीं रोगी वर्णिले आहेत, कीं ज्यांच्या हाडास सूज आली, हाड जाड व घट्ट झालें, वेदना दीर्घकाळ टिकल्या, पण पू म्हणून झाला नाहीं. पू नाहीं, तर मग जंतु तरी आहेत कशावरून, हा प्रश्न त्यास पडावयास हवा होता. तो पडला नाहीं. हाहि जंतुजन्य दाहाचाच एक प्रकार, असें गृहीत धरून तो पुढें गेला. ज्याच्या हातावर जंतूंनीं आपली सही केली आहे, त्यानें जंतूंविषयीं शंका तरी कशी घ्यावी?

तो न पडलेला प्रश्न हा या लेखाचा विषय आहे. मुलांच्या हाडांत, विशेषतः सात ते बारा वर्षांच्या वयांत, एक असा दाह उद्भवतो कीं ज्यांत कोणताहि जंतु सांपडत नाहीं. तो महिनोन्‌महिने, कित्येकदां वर्षानुवर्षें रेंगाळतो. एका हाडांत शमतो तों दुसऱ्यांत पेटतो. मुलग्यांपेक्षां मुलींत तो सुमारें दुपटीनें आढळतो. जर्मनींत झालेल्या एका पाहणींत दर दहा लाख मुलांमागें वर्षास चार मुलांस तो नव्यानें होतो असें दिसलें. म्हणजे व्याधि विरळ खरा, पण अपूर्व नव्हे. मनुष्यास हाडें पहिल्यापासून आहेत, आणि मुलांचीं हाडें पूर्वींहि रात्रीं-अपरात्रीं दुखतच असतील. असें असतां स्वतंत्र व्याधि म्हणून याचें पहिलें वर्णन १९७२ सालचें आहे. मनुष्य चंद्रावर जाऊन आल्यानंतर तीन वर्षांनीं वैद्यकास ही गोष्ट दिसली! इतका उशीर कां लागला?

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे; इतिहासाचें अध्यापन हा त्याचा व्यवसाय. एका स्नेह्याच्या कन्येस हा व्याधि झाला व त्या निमित्तानें या विषयाचें वाचन घडलें. तें करीत असतां वारंवार वाटूं लागलें कीं, येथें वैद्यांपुढें जो पेंच पडला तो इतिहासकारांच्या नित्य परिचयाचा आहे. एखाद्या घटनेचा उल्लेख कागदपत्रांत सांपडला नाहीं, तर ती घडलीच नाहीं असें म्हणूं नये, हें आम्ही विद्यार्थ्यांस पहिल्याच वर्षीं शिकवितों. कागद जळतात, त्यांस वाळवी लागते, बखरकार सोयीस्कर रीतीनें गप्प बसतात. मौन हा दुबळा पुरावा. नियम बरोबर आहे. पण तेंच तें मौन शंभर दप्तरांत पुनःपुन्हां आढळूं लागलें म्हणजे काय करावें? या प्रश्नास उत्तर देण्यास वैद्यकास सुमारें नव्वद वर्षें लागलीं.

जंतूंचा शोध लागण्यापूर्वीं हाडाच्या दाहाची ओळख पुवावरून पटत असे. आपल्या सुश्रुतानें निदानस्थानांत विद्रधीचा विचार करतांना मज्जेंत होणाऱ्या पाकाचें जें वर्णन केलें आहे, तें वाचून आजचाहि शस्त्रवैद्य मान डोलवील. हाड व मांस यांच्या अडथळ्यामुळें पुवास बाहेर पडण्यास द्वार मिळत नाहीं, रोगी आंतल्या आंत जणूं अग्नीनें भाजून निघतो, रुतून बसलेल्या शल्याप्रमाणें तो विकार त्यास दीर्घकाळ छळतो. आणि शस्त्रकर्मानें हाड फोडून वाट करून दिली म्हणजे स्निग्ध, पांढरा व थंड असा पू वाहूं लागतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. द्वार मिळालें, पू आला, कीं निदान झालें. आणि बऱ्याच अंशीं चिकित्साहि झाली.

लंडनचे शस्त्रवैद्य बेंजामिन ब्रोडी यांची कथा याच मासल्याची, पण फार करुण आहे. चोवीस वर्षांचा एक तरुण नडगीच्या खालच्या टोकाच्या असह्य वेदनेनें कित्येक वर्षें गांजलेला असा त्यांच्याकडे आला. सर्व उपाय हरले. शेवटीं पाय कापला. कापलेला पाय चिरून पाहतात तों हाडाच्या पोटांत आक्रोडाएवढी पोकळी, आणि तींत पू! गिरमिटानें एक भोंक पाडलें असतें तरी पाय वांचला असता. तो तरुण तर शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत वारला. ब्रोडींनीं ही चूक लपविली नाहीं. १८३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ती त्यांनीं आपण होऊन सांगितली, आणि पुढें आलेल्या तशाच रोग्यांच्या नडगीस भोंक पाडून त्यांचे पाय वांचविले. आपली घोडचूक स्वतःच्या हातानें छापून जगापुढें ठेवणारे लोक कोणत्याहि धंद्यांत थोडे. आमच्या इतिहासलेखकांत तर फारच थोडे. असो. पण या कथेपासून शस्त्रवैद्यांच्या पुढील कित्येक पिढ्यांनीं जो धडा घेतला तो असा, कीं दुखतें तेथें खोल जावें. पू असलाच पाहिजे. तो सांपडला नाहीं, तर आपण पुरेसे खोल गेलों नाहीं.

मग १८८० सालीं लुई पाश्चर या प्रांतांत उतरले. पॅरिस येथें लानलाँग नांवाच्या शस्त्रवैद्यांनीं एका लहान मुलीच्या पायाचें सुजलेलें हाड उघडलें, त्यांतील पू पाश्चर यांनीं तपासला, आणि त्यांत त्यांस तेच जंतु दिसले जे त्यांनीं पूर्वीं गळवांच्या पुवांत पाहिले होते. हा व्याधि म्हणजे हाडांतलें गळूंच होय, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. त्याच सुमारास ॲबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन यांनीं द्राक्षांच्या घोसाप्रमाणें दिसणाऱ्या या जंतूंस स्टॅफिलोकॉकस हें नांव दिलें. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु दाखविला. दोन-तीन वर्षांच्या आंत हाडांच्या दुखण्यांचा सगळा मुलूख दोघां सरदारांत वांटला गेला. दाह तीव्र असेल तर स्टॅफिलोकॉकसचा अंमल, सावकाश चालणारा असेल तर क्षयाचा; उरलेसुरले दोन-चार परगणे उपदंशाकडे. बिनधन्याची अशी जमीनच राहिली नाहीं.

या शोधांचें मोल कमी लेखण्याचा हेतु नाहीं. या ज्ञानाच्या पायावरच पुढें औषधें निघालीं आणि पूर्वीं हमखास दगावणारीं मुलें वांचूं लागलीं. परंतु त्याच्या पाठोपाठ एक तर्कदोष पाऊल न वाजवितां आंत शिरला. जेथें हे जंतु शिरतात तेथें दाह होतो, हें सिद्ध झालें होतें. त्यावरून जेथें दाह आहे तेथें जंतु असलेच पाहिजेत, असें मानलें जाऊं लागलें. आपल्या नैयायिकांनीं हा दोष फार पूर्वीं हेरून ठेवला आहे. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर, हें खरें नव्हे, आणि त्यासाठीं ते तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचें उदाहरण देतात. गोळा हाताला भाजतो. धूर मात्र निघत नाहीं. ज्या मुलांविषयीं आपण बोलत आहों त्यांचीं हाडें म्हणजे असे लोहगोलक होते. वैद्य त्यांच्याभोंवतीं धूर शोधीत राहिले.

धूर न दिसण्यास कारणेंहि भरपूर देतां येत. हाडांतून काढलेला तुकडा फार लहान होता. रोग्यास आधींच औषधें दिलेलीं होतीं. जंतु नाजूक असल्यानें प्रयोगशाळेपर्यंत पोंचतां पोंचतां मेले. किंवा ज्या अन्नावर ते वाढवावयाचे तेंच त्यांस मानवलें नाहीं. या सबबी खोट्या नव्हत्या, हीच तर अडचण. स्वतः ब्रोडींच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गळवांतील पू तपासला असतां पुष्कळदां त्यांत जंतु सांपडत नाहींत, हें पुढें दिसून आलें. तेव्हां प्रयोगशाळेंतून 'कांहीं वाढलें नाहीं' असा शेरा आला, तर तो रोगाविषयींची माहिती नसून प्रयोगशाळेची उणीव आहे, असाच त्याचा अर्थ लावला जाई.

१८९५ सालीं राँटगेन यांस क्ष-किरण सांपडले. हाड न फोडतां हाडाच्या आंत पाहतां येऊं लागलें. परंतु या प्रश्नाच्या बाबतींत त्यांचा उपयोग वाटतो तितका झाला नाहीं. हाडाचा चुना बराचसा झिजल्याशिवाय त्या चित्रांत फरक दिसत नाहीं, आणि दिसला तरी तो जंतूंनीं केला, गांठीनें केला कीं आणखी कशानें, हें चित्र सांगत नाहीं. खरा पालट झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेनिसिलिन आल्यानंतर. माझी अशी समजूत आहे कीं, पेनिसिलिननें या व्याधीचा एकहि रोगी बरा केला नाहीं, पण तो व्याधि उघडकीस आणण्यास मात्र त्यानें मोठें साह्य केलें. जोंवर हाडाच्या दाहाचीं सगळींच मुलें वर्षानुवर्षें खितपत पडत होतीं, तोंवर त्यांतलें एखादें मूल निराळ्या कारणानें खितपत पडलें आहे, हें कोणाच्या लक्षांत येणार? खरोखर जंतुबाधा झालेलीं मुलें औषधानें उठून घरीं जाऊं लागलीं, तेव्हां खाटांवर जीं मागें राहिलीं तीं डोळ्यांत भरूं लागलीं.

अशीं मुलें ज्यांच्या डोळ्यांत प्रथम भरलीं ते शस्त्रवैद्य नव्हते. झ्यूरिच येथील मुलांच्या रुग्णालयांत क्ष-किरणचित्रें वाचण्याचें काम करणारे आंद्रेआस गीडिऑन यांची ती दृष्टि. केंस, नाक आणि बोटांचीं हाडें या तीन दूरच्या गोष्टींतील व्यंगें एकाच रोगाचीं आहेत, हें त्यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें होतें. तेव्हां विखुरलेल्या खुणा एकत्र जुळविण्याची त्यांस संवयच होती. १९७२ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका फ्रेंच नियतकालिकांत कांहीं मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या मुलांच्या एका नव्हे, अनेक हाडांत दाह होता. तो बहुधा लांब हाडांच्या वाढत्या टोकांपाशीं होता. आणि उजव्या पायांत जेथें असेल तेथेंच डाव्यांतहि असावा, असें कांहीं सारखेपण त्यांत दिसत होतें. या सारखेपणावरूनच त्यांनीं व्याधीस नांव दिलें. पुढें असें ठरलें कीं, हा सारखेपणा नेहमीं असतोच असें नाहीं. पण पहिल्या शोधकाची चूकहि कधीं कधीं उपकारक होते. जंतु रक्तांतून वाहत येऊन कोठें तरी अडकतो. तो दोन्ही बाजूंस मोजून-मापून बसत नाहीं. या विचारानें प्रथमच जंतूंविषयीं शंका घेण्यास जागा झाली.

यांत एक मर्म आहे. शस्त्रवैद्य दुखऱ्या जागेकडे पाहतो, आणि तो त्याचा धर्मच आहे. चित्र वाचणारा सबंध सांगाड्याकडे पाहतो. एका हाडाचें मौन दुबळें; परंतु त्याच मुलाच्या चार हाडांचें, आणि तशा कित्येक मुलांचें मौन एका टेबलावर मांडून पाहिलें, म्हणजे त्याचा आवाज ऐकूं येऊं लागतो.

१९७८ च्या सुमारास स्वीडनमधील ब्यर्कस्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आणखी एक दुवा पुढें आणला. यांतील कांहीं मुलांच्या तळहातांवर व तळपायांवर बारीक पुळ्या येत. त्या पुळ्यांत पू असे, पण त्या पुवांत जंतु नसत! हा योगायोग मला सगळ्या इतिहासांत अतिशय बोलका वाटतो. सुश्रुतापासून ब्रोडीपर्यंत ज्या पुवावर भिस्त होती आणि पाश्चरनंतर जो जंतूंचा जामीन समजला जात होता, तो पूच या मुलांच्या तळहातावर बसून जंतूंविरुद्ध साक्ष देत होता. पुढें १९८७ सालीं टोरोंटो येथील वैद्यांनीं हा दाह जंतुजन्य नव्हे, असें आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच सांगून टाकलें. आणि त्याच वर्षीं फ्रान्समधील संधिरोगतज्ज्ञांनीं सांधे, पुळ्या, मुरुमें व हाडें यांच्या अशाच एकत्रित विकारास 'सॅफो' असें आद्याक्षरांचें नांव दिलें.

नांवांचा गोंधळ मात्र आजतागायत पुरता मिटलेला नाहीं. ऑस्टिओमायलायटिस या शब्दाचा व्युत्पत्तीनें अर्थ हाडाच्या मज्जेचा दाह एवढाच. पण शंभर वर्षांच्या वहिवाटीनें तो शब्द ऐकतांच मनांत जंतु उभे राहतात. हल्लीं या व्याधीस 'जंतुविरहित जीर्ण ऑस्टिओमायलायटिस' अशा अर्थाचें इंग्रजी नांव रूढ होत आहे. म्हणजे आधीं जुना शब्द ठेवावयाचा आणि मग त्याच्या मानेवर नकार बसवावयाचा. विधुर मनुष्यास 'सपत्नीक-नव्हे' म्हणावें, तशांतलाच हा प्रकार.

जंतु नाहींत, तर दाह कशानें होतो? या प्रश्नाची वाट १९९९ सालीं अमेरिकेंत मोकळी झाली. तेथील संशोधकांनीं कांहीं आनुवंशिक ज्वरांचा अभ्यास करतांना अशी कल्पना मांडली कीं, शरीरांतील जी जन्मजात पहारेकरी यंत्रणा शत्रु येतांच आग पेटवून त्यास अडविते, ती कित्येकदां शत्रूवांचूनहि आपणच पेटते. हाडांच्या या व्याधीस ती कल्पना चपखल बसली. कुवेत येथें मजीद नांवाच्या वैद्यांनीं १९८९ सालींच परस्परांच्या नात्यांतील तीन मुलांचा वृत्तान्त दिला होता; त्यांस हाच हाडांचा दाह व त्याबरोबर एक प्रकारचा पंडुरोग होता. त्या रोगाचें मूळ एका विवक्षित जनुकाच्या दोषांत आहे, हें २००५ सालीं कळलें. २००९ सालीं याहून भीषण असा एक प्रकार उजेडांत आला. यांत अर्भकास जन्मतः किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत हाडांचा दाह होतो, कारण दाह पेटविणाऱ्या इंटरल्यूकिन-१ नामक द्रव्यास आवर घालणारें दुसरें द्रव्य त्याच्या शरीरांत तयारच होत नाहीं. तें उणें पडलेलें द्रव्य औषधरूपानें टोंचतांच मुलें झपाट्यानें सुधारलीं. जंतूंवांचून दाह होऊं शकतो, याविषयीं ज्यास अजून संशय असेल त्याचा तो येथें फिटावा.

परंतु इतिहासास सरळ रेषेचा तिटकारा असतो. आनुवंशिक दोषामुळें अगदीं असाच हाडांचा दाह होणारे उंदीर संशोधकांपाशीं होते. २०१४ सालीं अमेरिकेंतील मेंफिस येथें त्यांच्यावर एक प्रयोग झाला. त्या उंदरांस स्निग्ध पदार्थ भरपूर असलेलें अन्न दिलें असतां त्यांच्या आंतड्यांतील जंतूंची वस्ती बदलली, आणि हाडांचा दाह टळला. हाडांतून हांकलून लावलेला जंतु अशा रीतीनें आंतड्याच्या मागल्या दारानें पुन्हां कथेंत आला. आतां आरोपी म्हणून नव्हे, तर दुरून चिथावणी देणारा म्हणून. अर्थात् उंदीर तो उंदीर. यावरून कोणी आपल्या मुलांस तुपाचे रतीब लावूं नयेत.

आतां प्रत्यक्ष निदानाकडे वळूं. या व्याधीची खूण पटविणारी अशी एकहि परीक्षा आज उपलब्ध नाहीं. मूल रात्रीं हाड दुखतें म्हणून रडतें. दिवसा बहुधा खेळतें. ताप फारसा नसतो. रक्त तपासलें तर दाहाचे आंकडे किंचित् वाढलेले किंवा अगदीं साधे. दुखरी जागा बहुधा गुडघा, घोटा, कंबर, मणका, जबडा, अथवा गळ्याखालचें तें आडवें हाड, ज्यास आपण हांसळी म्हणतों. सबंध शरीराचें एम्. आर्. आय्. चित्र काढतां येऊं लागल्यापासून एक चमत्कारिक गोष्ट नित्य दिसते : ज्या हाडांविषयीं मुलाची कांहींच तक्रार नसते, तींहि आंतून पेटलेलीं असतात. गीडिऑन यांनीं एकेक चित्र जुळवून जें पाहिलें, तें हें यंत्र एका बैठकींत दाखवितें.

हाडाचा तुकडा काढून तपासणें, ज्यास बायॉप्सी म्हणतात, हा पुढचा प्रश्न. आईबापांची समजूत असते कीं तुकडा तपासला म्हणजे काय तें कळेल. खरें पाहतां तो तुकडा हा व्याधि आहे असें सांगत नाहीं. रक्ताचा कर्करोग नाहीं, हाडाची दुष्ट गांठ नाहीं, क्षय नाहीं, एवढेंच सांगतो. मग प्रत्येक मुलाचें हाड कोरावें काय? ब्रिस्टलच्या वैद्यांनीं २०१६ सालीं यावर एक व्यावहारिक तोडगा सुचविला. चित्रांत लक्षणें जुळत असून दाह एकाहून अधिक हाडांत असेल, किंवा एकट्या हांसळींतच असेल, आणि रक्तांतील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन एका लिटरमागें ३० मिलिग्रॅमच्या आंत असेल, तर हाड कोरूं नये. एरवीं कोरून खात्री करावी. हांसळीस हा खास मान कां? तर रक्तांतून आलेले जंतु त्या हाडांत क्वचितच वस्ती करतात, आणि या जंतुविरहित दाहास तर ती जागा प्रिय. ज्या दप्तरांत नोंद हटकून असावयाची तेथें ती नसली, तर त्या मौनास वजन येतें, हा आमच्या शास्त्रांतलाच न्याय येथें निराळ्या वेषांत उभा आहे.

आपल्या देशांत या न्यायाची परीक्षा अधिक कठीण. हाडाच्या क्षयांत जंतु मुळांतच थोडे असतात. म्हणून प्रयोगशाळेनें 'जंतु दिसले नाहींत' म्हटलें तरी क्षय नाहीं असें छातीवर हात ठेवून म्हणतां येत नाहीं. झ्यूरिचमध्यें ज्या मौनास अर्थ आहे, त्यास सोलापुरांत तितका नाहीं. माझ्या स्नेह्यांच्या कन्येच्या बाबतींत हेंच घडलें. नऊ वर्षांची पोर. हांसळीच्या आंतल्या टोकाशीं सूज आली. प्रथम दप्तराच्या ओझ्यावर ठपका आला, आणि आजीनें आंबेहळदीचे लेप घातले. पुढें एका मोठ्या रुग्णालयांत तुकडा काढला. दाह दिसला, जंतु दिसले नाहींत. क्षयाची औषधें सुरू झालीं. दोन महिन्यांत सूज ओसरली व सर्वांस हायसें वाटलें.

तिथेंच फसगत झाली. हा दाह आपण होऊन ओसरतो आणि आपण होऊन परततो, हा त्याचा स्वभाव. ओसरण्याच्या वेळीं जें औषध चालू असेल त्याच्या पदरीं यश पडतें. सातव्या महिन्यांत, औषधें चालू असतांनाच, घोटा सुजला. तेव्हां मात्रा वाढविण्यांत आली. त्या औषधांनीं मुलीची भूक गेली, डोळे पिवळे झाले, शाळेचें एक वर्ष गेलें. दीड वर्षानें दुसऱ्या एका वैद्यबाईंनीं सगळे कागद जमिनीवर पसरून तारीखवार लावले, सबंध शरीराचें चित्र काढविलें, आणि त्यांत दोन्ही नडग्या व पाठीचा एक मणका पेटलेला दिसला. मणक्याविषयीं मुलगी कधीं एक अक्षर बोलली नव्हती.

पहिल्या वैद्यांस दोष देण्यास माझी जीभ उचलत नाहीं, जरी मुलीच्या आईची उचलते. क्षय समजून या मुलीस औषध दिलें, तर एक वर्ष गेलें. पण हा व्याधि समजून क्षयाच्या मुलास तसेंच ठेवलें, तर पाठीस कुबड येईल. कर्करोगाच्या बाबतींत तर याहून वाईट. दोन चुकांचें वजन सारखें नाहीं, आणि वैद्य जड चूक टाळण्यासाठीं हलकी पत्करतो, यांत गैर काय? माझी तक्रार एवढीच, कीं सातव्या महिन्यांत घोटा सुजला तेव्हां औषधाची मात्रा वाढविण्याऐवजीं निदानाचा कागद पुन्हां काढावयास हवा होता. पहिल्यानें चुकणें निराळें आणि नव्या साक्षीदारास जुन्याच आरोपाखालीं नोंदविणें निराळें.

आतां मुलगी तेरा वर्षांची आहे. नेप्रोक्सेनसारख्या साध्या दाहशामक औषधानें पुष्कळ मुलांस उतार पडतो; हिला तेवढें पुरलें नाहीं, म्हणून मणक्यासाठीं हाडें बळकट करणारें पामिड्रोनेट शिरेवाटे द्यावें लागलें. अधूनमधून नडगी दुखते, पण ती सायकलवर शाळेस जाते. तिच्या दुखण्याच्या जाड फायलीवर जें लांबलचक इंग्रजी नांव छापलें आहे, त्यांतील शेवटचा शब्द ऑस्टिओमायलायटिस हाच असल्यानें, खोकल्यासाठीं गेलें तरी नवा डॉक्टर तो वाचून विचारतो कीं जंतुनाशक कोणतें चालू आहे. म्हणून तिच्या वडिलांनीं फायलीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईनें मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलें आहे : 'जंतु नाहींत. शोधून झाले.'